दुसऱ्यांदा दाखल केलेली सर्दी

सर्दीबद्दल आपल्याला काही कळत नाही, असं कबूल करणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. विंचू उतरवता येत नाही म्हणणारे भेटले. कोर्टाचं समन्स वाचता येत नाही म्हणणारे तर रोज भेटत, कारण ते वाचून घ्यायला ते माझ्याकडेच येत. पण कुणाचं नाक वाहू लागलं की ज्याला त्याला वाचा फुटते. ओवा भाजून हुंगा, ओवा कच्चाच खा. डोक्यावरून न्हा, डोक्याला पाणी लावू नका. दही बंद करा, दह्यानेच उतार पडतो. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर शेवटचा शिक्का ठरलेला, "सर्दीच तर आहे!" या तीन शब्दांवर माझा राग आहे. तो इतरांवर आहे तितकाच माझ्यावरही आहे, कारण हे शब्द मी माझ्या बायकोला जवळजवळ तीन आठवडे ऐकवले, आणि तेवढ्यात तिचा डावा डोळा जायची वेळ आली.

मी तेव्हा वरवट बकालपासून दोन कोसांवरच्या एका गावात मराठी शाळेचा मास्तर होतो. शाळा चौथीपर्यंत, मास्तर दोन, त्यांतला दुसरा बहुतेक रजेवर. राहायला शाळेच्याच मागच्या दोन खोल्या. वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं होतं, त्यामुळे आमचे नियम नागपूरहून निघत आणि पूर्णा नदी ओलांडेपर्यंत थकून जात. एक नियम मात्र धडधाकट पोचला होता, तो हजेरीपटाचा. मुलगा अमुक दिवस सलग गैरहजर राहिला की त्याचं नाव कापायचं. तो परत आला की नवा दाखल नंबर देऊन नव्याने भरती करायचा. कापूस वेचणीला पोरं जात, नावं कापली जात, वेचणी आटोपली की तीच पोरं त्याच सदऱ्यांत नवे विद्यार्थी म्हणून दाखल होत. एका पोराला मी चार वर्षांत पाचदा दाखल केलं. खात्याच्या दृष्टीने ते पाच वेगवेगळे विद्यार्थी होते, आणि पाचांपैकी एकालाही पाढे येत नव्हते. हा नियम ध्यानात ठेवावा. पुढे तो माझ्या घरात शिरला.

पौष लागता लागता बायकोला सर्दी झाली. त्यात नवल काही नव्हतं. थंडी पडली होती, घरोघरी कापसाचे ढीग होते आणि हवेत कापसाचे तंतू उडत होते. गावात निम्मी माणसं शिंकत होती आणि उरलेली निम्मी त्यांना उपाय सांगत होती. माझ्याजवळ जुन्या बाजारात घेतलेलं घरगुती वैद्यकाचं एक पुस्तक होतं. त्याची शेवटची पानं कुणीतरी फाडून नेली होती, पण सर्दीचं प्रकरण शाबूत होतं. सर्दी आठवडाभरात, फार तर दहा दिवसांत आपोआप जाते, असं त्यात लिहिलेलं. मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मंग वाचून कायले दाखवता? आपोआप जाते तं जाऊ द्या."

सातव्या दिवशी ती खरोखरच बरी दिसू लागली. जेवली, हसली, शेजारच्या काकूंशी भिंतीवरून भांडली. मी मनातल्या हजेरीपटात सर्दीचं नाव कापलं आणि पुस्तकाची पाठ थोपटली.

नवव्या दिवशी तिचं नाक पुन्हा चोंदलं. पण आता डावंच. शेंबूड घट्ट, पिवळा; डावा गाल जड; संध्याकाळी अंगात बारीक ताप.

"अवो, हे काही बरं दिसून नाई राह्यलं," ती म्हणाली. "आधी सारं डोकं भरलं होतं. आता डावीकडचंच दुखते."

"नवी सर्दी आहे," मी म्हणालो. "पहिली गेली. ही दुसरी. आज तिचा पहिला दिवस."

"तुमाले कसं कयलं दुसरी हाय म्हणून? तिनं नाव सांगतलं का?"

मी तिला समजावून सांगितलं की मधे बरं वाटलं, म्हणजे पहिली संपली. संपलेली गोष्ट पुन्हा सुरू होत नसते, नवीच सुरू होते. बोलताना मला माझा युक्तिवाद फार आवडला होता. मी सर्दीला नवा दाखल नंबर दिला आणि दहा दिवस पुन्हा एकपासून मोजू लागलो.

गावाने माझ्यापेक्षा वेगळी चूक केली. तिकडे सर्दीला आंब्यासारखं मानतात. नाकातून पाणी येतं तोवर ती कच्ची. घट्ट पिवळं येऊ लागलं की पिकली. आणि पिकलेलं फळ गळणारच. शेजारच्या काकू रोज सकाळी भिंतीपलीकडून विचारत, "पिकली का वं?" बायको म्हणे, "पिकली, काकू." त्यावर काकू समाधानाने, "मंग झालं! आता गयते," असं म्हणून पाणी भरायला जात. सर्दी पिकली, पिकतच राहिली, गळायचं नाव घेईना.

त्याच दिवसांत बायकोने वाकणं सोडलं. हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. जमिनीवर पडलेली वाटी ती पायाच्या बोटांनी उचलू लागली. जळमटं काढायच्या लांब काठीला केरसुणी बांधून ताठ उभ्याने झाडू लागली. चुलीपुढे बसायची ती बाहुलीसारखी, मान न हलवता. मी हसलो. म्हणालो, "हे काय, संस्थानच्या राणीसारखं चालणं?"

"झुकलं का गालात दगड सरकल्यावानी होते," ती म्हणाली. "तुमी हसा. तुमचा गाल नाई न तो."

मग वासाचं प्रकरण. एके सकाळी ती म्हणाली, "घरात काहीतरी मेलं हाय. मले रात्रंदिवस सडका वास येऊन राह्यला." मी उंदीर शोधायला सुरुवात केली. ज्वारीची कणगी रिकामी केली. कपाटं ओढली. शाळेला सुट्टी देऊन आमच्या खोलीत ठेवलेली शाळेच्या नकाशांची पेटी उपसली. छपराची चार कवेलू काढून पाहिली आणि परत नीट बसवली नाहीत, ते पुढच्या पावसात कळलं. काकूंना हुंगायला बोलावलं. त्यांनी चारही कोपऱ्यांत उभं राहून दीर्घ श्वास घेतला आणि निकाल दिला, "मले तं काई वास नाई येत, मास्तर."

मलाही येत नव्हता. घरात वास फक्त एकीला येत होता, आणि ती अशी, जिचं नाक दहा-बारा दिवस चोंदलेलं. ज्या नाकात बाहेरची हवा शिरत नाही त्याला बाहेरचा वास कसा येईल, हा प्रश्न चौथीच्या पोरालाही पडला असता. माझं वाचन चौथीच्या बरंच पुढे गेलेलं असल्यामुळे मला तो पडला नाही. मी कणगी पुन्हा भरली.

त्यानंतर दाढ. डावीकडच्या वरच्या दाढा दुखू लागल्या, आणि काकूंना एकदम सगळा उलगडा झाला. "सर्दी कायची! दाढ हाय ते. कीड लागली अन् तिचाच वास येते." मला हे पटलं. पटलं, कारण त्यात दुखणं, वास आणि गाल तिन्ही बसत होते, आणि मला उंदीर शोधायचा कंटाळा आला होता. पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी मी तिला बैलगाडीतून वरवट बकालला नेलं.

तिथे एक दात काढणारा चटईवर बसत असे. पुढ्यात काढलेल्या दातांचा एक ढीग. जाहिरात म्हणून हा ढीग पाट्यांपेक्षा परिणामकारक असतो, असं माझं मत आहे. त्याने बायकोच्या दाढांवर लोखंडी चिमट्याने एकेक टकटक केली.

"हे दुखते का, माय?"

"हो."

"हे?"

"हेही."

"अन् हे?"

"तिन्ही सारख्याच दुखतात."

तो क्षणभर विचारात पडला. मग म्हणाला, "मंग मधली काढतो."

आणि त्याने काढली. मी बायकोचं डोकं धरून उभा होतो. हे वाक्य मी इथे लिहितोय ते कुणी विचारलं म्हणून नव्हे, पण ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दाढ बाहेर आल्यावर त्याने ती उन्हात धरून फिरवून पाहिली. दुधासारखी पांढरी, तीन मुळं शाबूत, किडीचा टिपकाही नाही. "बाप्पा, दाढ तं खडखडीत हाय!" तो कौतुकाने म्हणाला, आणि त्याने ती ढिगाच्या अगदी वर ठेवली. त्या ढिगातली ती सगळ्यात चांगली दाढ होती.

गाडीत बायको तोंडाला पदर लावून बसली. अर्ध्या वाटेवर मी विचारलं, "आता कसं वाटतं?"

"आता दोन दाढा दुखतात," ती म्हणाली. "अन् एक खड्डा."

शेगावला दवाखाना होता. पण सर्दीसाठी बाईमाणसाला पूर्णेपलीकडे न्यायचं? गाव हसलं असतं. शिवाय माझ्या मोजणीने दुसऱ्या सर्दीचे अजून पाच-सहा दिवस बाकी होते.

याच सुमारास देशमुखांना सर्दी झाली.

देशमुख म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे जमीनदार. निम्मी शेती त्यांची आणि उरलेल्या निम्मीतही त्यांचाच शब्द. त्यांना सर्दी झाल्याची बातमी सकाळी पसरली आणि दुपारपर्यंत बैठकीत समाचाराला येणाऱ्यांचा राबता सुरू झाला. देशमुख गादीवर लोडाला टेकून, डोक्याला मफलर, अंगावर काश्मिरी शाल. उजवीकडे पितळी पिकदाणी घेऊन एक गडी, डावीकडे घडी केलेले रुमाल घेऊन दुसरा. शिंक आली की पंधरा माणसं एकदम "शतायुषी!" म्हणत. मला रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायला जावं लागे. युरोपातल्या भानगडी मी वाचत असे आणि मधेच देशमुख हात वर करून मला थांबवत, शिंक पूर्ण करत, आणि मग युरोपाला पुढे जायची परवानगी मिळे.

कारभारी दारात उभा राहून येणाऱ्यांना सर्दीचं वर्तमान सांगे. "काल कच्ची होती. आज अर्धी पिकली." लोक गंभीर होऊन माना हलवत. चौथ्या दिवशी ती पूर्ण पिकली, तरी देशमुखांना डोकं जड वाटत होतं. मग ठरलं की खामगावचे डॉक्टर मोटारीने आणायचे. खर्चाची चर्चा बैठकीत मुद्दाम मोठ्याने झाली, पण ती इथे नको.

मी त्या चारही संध्याकाळी एका सर्दीजवळून उठून दुसरीकडे घरी येत होतो. इकडे पंधरा माणसं आणि पिकदाणी. तिकडे एक बाई, काठीला बांधलेली केरसुणी, आणि दारात मी. मी आत शिरताच म्हणायचो, "कसं आहे? सर्दीच तर आहे." एवढं वाईट वागताना माणसाला काहीच कसं वाटत नाही, याचं मला अजून नवल वाटतं. मला काही वाटलं नव्हतं. मी वर्तमानपत्र वाचून दमलेला असायचो.

डॉक्टर यायचे त्या दिवशी सकाळी बायको उठली तेव्हा तिच्या डाव्या डोळ्याची पापणी सुजून खाली आली होती. गालाचा वरचा भाग लाल, चकचकीत. ती भिंतीला धरून उभी राहिली. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला, डाव्या पापणीची फट बोटाने उघडली, आणि म्हणाली, "बोटं दाखवा बरं."

मी चार बोटं धरली.

ती बराच वेळ पाहत राहिली. "तीन हायेत का चार, नीट दिसून नाई राह्यलं. धुकं पडल्यावानी हाय."

"सूज आहे म्हणून..."

"माया डोया जाऊन राह्यला," ती अगदी हळू म्हणाली, "अन् तुमी दिवस मोजून राह्यले."

काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, "अर्धशिशी हाय ते. उगवत्या सूर्याकडे पाठ करून बसव." मी आयुष्यात पहिल्यांदा काकूंना, "तुम्ही गप्प बसा," असं म्हणालो. त्या दुखावल्या आणि गप्प बसल्या. दोन्ही गोष्टी नवीन होत्या.

डॉक्टरांची मोटार दुपारी आली. ती पूर्णेच्या वाळूत रुतली होती आणि देशमुखांच्या दोन बैलजोड्यांनी ती ओढून काढली, त्यामुळे गावात पुढे बैल, मागे दोर, त्यामागे मोटार आणि मोटारीशेजारी गुडघ्यापर्यंत भिजलेले डॉक्टर अशी मिरवणूक शिरली. बैठक भरलेली होती. मी जायला नको होतं, पण डॉक्टर तिथे होते, म्हणून गेलो आणि दाराशी उभा राहिलो.

डॉक्टर चाळिशीचे, बारीक, कमी बोलणारे. त्यांनी शाल काढायला सांगितली आणि विचारायला सुरुवात केली.

"किती दिवस झाले?"

"पाच," कारभारी म्हणाला.

"मधे बरं वाटून पुन्हा वाढलं का?"

देशमुखांनी कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभाऱ्याने नकारार्थी मान हलवली. "नाई," देशमुख म्हणाले.

"दुखतं ते एकाच बाजूला का? वाकलं की गालात दुखतं? वरच्या दाढा दुखतात? नाकात सडका वास येतो?"

हे सगळे प्रश्न देशमुखांसाठी होते आणि एकेक प्रश्न येऊन माझ्यावर आदळत होता. देशमुखांना मात्र हे प्रश्न आवडू लागले होते. एवढी तपशीलवार सर्दी आपली असावी, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "जराक येते," ते वासाबद्दल म्हणाले. "दाढ बी, आता इचारलं तं, दुखल्यासारखी होते."

डॉक्टरांनी दारं-खिडक्या बंद करायला लावल्या, फटींवर घोंगड्या टांगल्या. भर दुपारी बैठकीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना असा अंधार झाला. त्यांच्या पेटीत वायरीच्या टोकाला बोराएवढा दिवा होता, बॅटरीवर चालणारा. तो त्यांनी देशमुखांच्या तोंडात ठेवून ओठ मिटायला सांगितलं आणि कळ दाबली.

देशमुखांचे दोन्ही गाल आतून लालबुंद उजळले. डोळ्यांखाली दोन लाल चंद्रकोरी दिसू लागल्या. अंधारात फक्त ते तोंड, दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखं, मफलर बांधलेलं.

अंधारातून कुणीतरी बोलून गेलं, "बाप्पा! सरकार पेटले!"

"दोन्ही बाजू सारख्या," डॉक्टर म्हणाले. घोंगड्या निघाल्या. "नाकाच्या दोन्ही बाजूंना गालाच्या हाडात पोकळ्या असतात. तिथे पू साचला तर उजेड अडतो. तुमच्या रिकाम्या आहेत. साधी सर्दी आहे. चार-पाच दिवसांत जाईल."

"साधी?" देशमुख म्हणाले.

"साधी."

"पिवळी होऊन राह्यली न पण!"

"रंगावर जाऊ नका. साधी सर्दीही पिवळी होते."

पूर्णेतून मोटार बैलांनी ओढून आणावी आणि निकाल 'साधी' यावा, हे कुणालाच पचलं नव्हतं. पिकदाणीवाला गडी हळूच मागे सरकला.

मी दारातून पुढे झालो. "डॉक्टरसाहेब, तुम्ही विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्या घरी आहेत. आणि आज सकाळपासून डोळा सुजला आहे."

डॉक्टर पेटी बंद करत होते. ते थांबले. "डोळा? कुणाचा?"

"माझ्या बायकोचा."

"मास्तर," देशमुख म्हणाले, "डाक्टरांचं जेवण व्हायचं हाय. तुमच्या घरी सर्दीच तर हाय!"

डॉक्टर उठले. जेवायची पानं मांडलेली होती, वाटीत बासुंदी दिसत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

आमच्या खोलीला एकच खिडकी होती; शाळेचा फळा आणून तो तिच्यावर टेकवला. बायको ताठ बसली होती. दिवा पाहून म्हणाली, "तोंडात ठेवायचा?"

"जळत नाही," डॉक्टर म्हणाले. आधी त्यांनी पापणी पाहिली, डोळा इकडेतिकडे फिरवायला सांगितला, मग विचारलं, "मधे बरं वाटलं होतं का?"

मी घाईने म्हणालो, "ती पहिली सर्दी. सातव्या दिवशी गेली. ही दुसरी आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "दुसरी कुठून आली? तेच दुखणं आहे. सर्दीने आतलं दार सुजून बंद झालं. आत साचलं ते सडलं. बरं वाटून पुन्हा वाढलं, तेही एका बाजूला, तेव्हाच समजायचं की ही सर्दी राहिली नाही."

बायकोने माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं, आणि तो पुरेसा होता.

दिवा लागला. उजवा गाल उजळला, डोळ्याखाली लाल चंद्रकोर आली. डावी बाजू काळीच राहिली. मी वाट पाहिली, उजेड सावकाश पोचत असेल म्हणून. तो पोचला नाही. अर्धा चेहरा होता आणि अर्धा नव्हता.

"ही दाढ कधी पडली?" डॉक्टरांनी दिवा काढताना विचारलं.

"पडली नाई, पाडली," बायको म्हणाली. "मास्तर सोबत होते."

त्याच दुपारी डॉक्टरांच्या मोटारीतून आम्ही खामगावला निघालो. पूर्णा ओलांडायला बैल हवे होते. देशमुखांनी ते पाठवले, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. बैलांबरोबर कारभारी आला होता आणि नदीच्या वाळूत, मोटार हिसके देत असताना, त्याने खिडकीशी वाकून निरोप सांगितला, "सरकारनं इचारलं हाय, त्यांची बी सर्दी पुढं चालून अशी होऊ शकते का?"

"क्वचित," डॉक्टर म्हणाले.

कारभाऱ्याचा चेहरा खुलला. तेवढा दिलासा घेऊन तो परत गेला.

खामगावात डॉक्टरांनी नाकातून सुई घालून ती पोकळी मिठाच्या पाण्याने धुतली. मला बाहेर थांबायला सांगितलं होतं. मी दारात थांबलो. बायकोने एनॅमलचं तसराळं हनुवटीखाली धरलं होतं. पाणी आत गेलं, आणि मग जे बाहेर आलं त्याचा वास खोलीत पसरला आणि दारापर्यंत आला. ज्याच्यासाठी मी कणगी रिकामी केली, कवेलू काढली, तो उंदीर तिथे तसराळ्यात पडला होता.

बायको नाकातून पाणी गळत असताना, एका हाताने तसराळं धरून, दुसऱ्या हाताने माझ्याकडे बोट करून ओरडली, "हाच! हाच तो वास! आता आला का तुमाले?"

"आला," मी म्हणालो.

"मंग झालं!"

डोळ्याचं काय होईल हे डॉक्टरांनी दोन दिवस सांगितलं नाही. विचारलं की म्हणत, "सूज उतरू दे." दोन दिवस शेक, वाफारा, नाकात थेंब, आणि पुन्हा एकदा धुणं. त्या दोन दिवसांत मी काही वाचलं नाही आणि काही मोजलं नाही. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी पापणी वर गेली. बायकोने उजवा डोळा तळहाताने झाकला.

"दाखवा."

मी बोटं धरली.

"चार," ती म्हणाली. "अन् नखं कापा आधी."

आम्ही आठवड्याने गावी परतलो. मी खामगावात एक लहानशी टॉर्च विकत घेतली होती. काकूंनी विचारलं, "पिकली होती का मंग?" बायको म्हणाली, "पिकली नाई, काकू, सडली होती." काकूंना हे आवडलं नाही. त्यांच्या मते ती अर्धशिशीच होती आणि मोटारीच्या हादऱ्याने उतरली. त्यांचं हे मत कधी बदललं नाही. देशमुखांची सर्दी आम्ही खामगावात असतानाच गेली होती. त्यांनी पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगितली, आणि सांगताना दिव्याचा भाग गाळला.

माघात एका संध्याकाळी बायको चूल पेटवता पेटवता थबकली.

"सडका वास येऊन राह्यला," ती म्हणाली.

मी तिला काही बोलू दिलं नाही. खिडकीला फळा लावला, दार ओढून घेतलं, टॉर्च धुऊन तिच्या तोंडात धरली आणि ओठ मिटायला लावले. अंधारात उजवा गाल उजळला. मी डावीकडे पाहायला धजत नव्हतो. मग पाहिलं. तोही तसाच होता, लाल, शेवटपर्यंत, डोळ्याखाली चंद्रकोरीसकट.

तिने टॉर्च तोंडातून काढली. "झालं? आता नकाशांच्या पेटीमागं पाहा."

मी पेटी ओढली. मागे उंदीर होता, मेलेला, चांगला चार-पाच दिवसांचा. त्याचा वास मलाही येत होता. मी तो शेपटीला धरून दारात नेला आणि तिथेच त्याला धरून हसत उभा राहिलो.

"अवो, फेका न तो," ती आतून म्हणाली. "काऊन उभे राह्यले?"